लोणीचा लेख, सायखेड्याची वाचक

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीकाठच्या सायखेडा गावात सगळ्यांच्या नजरा नदीवरच्या पुलाकडे लागतात. पाणी किती चढलं, पुलाला पाणवेली किती अडकल्या, पलीकडे चांदोरीत काय चाललंय, हे फोनवर फोन करून विचारलं जातं. अशा रात्री कोण कुणाच्या घरी मुक्कामाला जातं आणि कोण कुणाला बोलावत नाही, यात जात, भाऊबंदकी, सोयरीक, शेजार असं सगळं उघडं पडतं. पूर ही भूगोलाची गोष्ट खरी, पण त्या रात्रीचं दार कुणासाठी उघडतं हे समाजशास्त्र आहे.

समजा, गावातल्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने यावर लेख लिहिला आणि समाजशास्त्राच्या एखाद्या मुक्त ऑनलाइन नियतकालिकाकडे पाठवला. पुढे काय होतं?

ते पाहण्याआधी दोनशे वर्षं मागे जाऊ. पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी करून थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने एक वृत्तान्त लिहिला. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात तो 1823 मध्ये छापून आला. घरं, शेती, कर्ज, खाणंपिणं, सगळं त्यात होतं. लोणीकरांच्या हाती मात्र तो कधी पडला असेल? पुढे मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याच गावाकडे वळले. तेव्हाची लोणी आणि आताची लोणीकंद यांची तुलना करणारं त्यांचं पुस्तक 1960 मध्ये आलं. एका जुन्या लेखाने सव्वाशे वर्षांनंतरच्या संशोधकाला वाट दाखवली, ती तो ग्रंथालयात टिकला म्हणून.

आता आपल्या विद्यार्थिनीकडे येऊ. लेख पाठवण्याआधी तिला स्वतःला पुसून टाकावं लागतं! शीर्षकाखालचं नाव काढायचं, आभार काढायचे, फाइलच्या गुणधर्मांत दडलेलं नावसुद्धा काढायचं. कारण अनेक नियतकालिकांत लेख तपासणाऱ्याला लेखक कोण हे कळत नाही आणि लेखकाला तपासनीस कोण हे कळत नाही. सायखेड्याच्या बाजारात कांद्याचा लिलाव सगळ्यांसमोर होतो, बोली कुणाची हे दिसतं. इथे माल उघडा आणि माणसं पडद्याआड. सायखेड्याची विद्यार्थिनी आणि नामांकित प्राध्यापक यांचे लेख एकाच तराजूत पडावेत, यासाठीची ही युक्ती. आणखी एक पथ्य: एक लेख एका वेळी एकाच नियतकालिकाकडे.

समाजशास्त्रात पुसायची नावं आणखीही असतात. पुराच्या रात्री कुणी कुणाला दार उघडलं नाही, हे ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांची नावं बदलावी लागतात. म्हैसूरजवळच्या ज्या गावावर एम. एन. श्रीनिवास यांनी आयुष्यभर लिहिलं, त्याला त्यांनी रामपुरा हे बनावट नाव दिलं होतं. श्रीनिवास हे मुंबईत घुर्यांचेच विद्यार्थी.

लेख आधी संपादक चाळतात, मग बहुधा दोन तपासनीस वाचतात. यात काही महिने सहज जातात. लेख जसाच्या तसा क्वचितच स्वीकारला जातो. ‘दुरुस्त करून पाठवा’ असं उत्तर आलं तर ती चांगली बातमी समजायची. उलट, चार दिवसांत स्वीकृती आणि सोबत पैसे भरण्याची घाई, असं झालं तर सावध व्हावं. काही चांगली नियतकालिकंही लेखकाकडून शुल्क घेतात, काही लेखक आणि वाचक दोघांकडूनही काहीच घेत नाहीत. पण तपासणीशिवायची घाई ही दुकानदारीची खूण.

खरं नियतकालिक ओळखण्याची पहिली, अगदी छोटी चाचणी कागदावर करता येते. नियतकालिकाला सहसा आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक असतो. घुर्यांच्या पुढाकाराने मुंबईत 1952 मध्ये सुरू झालेल्या ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’चा क्रमांक 0038-0229. पहिल्या सात अंकांना ओळीने 8, 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा. बेरीज येते 68. तिला 11 ने भागा, बाकी उरते 2. ती 11 मधून वजा करा: 9. शेवटचा अंक पाहा, तोच! क्रमांक लिहिताना एक अंक चुकला तरी हिशेब जुळत नाही. अर्थात हिशेब जुळला म्हणजे नियतकालिक चांगलं असं नव्हे. ते त्यातले लेख वाचूनच ठरवावं लागतं.

लेख प्रसिद्ध झाला की त्याला बहुधा 10 ने सुरू होणारा डीओआय हा ओळखक्रमांक मिळतो. उद्या संकेतस्थळाचा पत्ता बदलला आणि नवा पत्ता नोंदवला, की त्याच क्रमांकावरून लेख पुन्हा सापडतो. आणि 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ज्या तत्त्वाला ‘मुक्त प्रवेश’ हे नाव रूढ केलं, त्यानुसार तो वाचायला कुणालाही पैसे पडत नाहीत.

कोट्सचा लेख लोणीतून निघाला आणि मुंबईच्या कपाटात गेला. विद्यार्थिनीचा लेख पुढच्या पावसाळ्यात, पाणी चढत असताना, सायखेड्याच्या पुलाजवळ उभी असलेली एखादी आजी नातवाकडून मोबाइलवर वाचून घेईल. आणि म्हणेल, ‘हे असं नव्हतं झालं.’

तपासनीस दोन होते. तिसरी ही.