मनालीचा बर्फ मेड इन भूमध्य समुद्र!

फराळाचे डबे भरले, बॅगा दारात आल्या, हिमाचलचं बुकिंग कन्फर्म! तेवढ्यात मोबाइलवर अंदाज झळकतो: ‘उंच भागात हिमवृष्टी, सखल भागात हलका ते मध्यम पाऊस.’ ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयासाठी हे वाक्य ठरलेलंच. वाचलं, एक स्वेटर जास्त घेतला, विषय संपला? छे हो! या एका ओळीत समुद्र आहे, देव आहेत, सफरचंदं आहेत आणि चक्क पुण्याचा एक बसस्टॉपही आहे. चला तर मग, सुटू या सुसाट!

इम्पोर्टेड माल

माहीत आहे का? मान्सून परतल्यावर हिमालयात पडणाऱ्या बर्फाची वाफ बरेचदा भूमध्य आणि कॅस्पियन समुद्राकडून आलेली असते. वरच्या हवेतला जेट स्ट्रीम नावाचा एक्स्प्रेस-वे पकडायचा, इराण आणि अफगाणिस्तान ओलांडायचं आणि हिमालयाला धडकायचं, असा तिचा रूट. हवामान खातं याला ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’ म्हणतं, मराठी बातम्यांत तो ‘पश्चिमी झंझावात’ होतो. नाव डिस्टर्बन्स, पण पर्यटकांसाठी फुल एंटरटेनमेंट!

खाली छत्री, वर फावडं

मनालीत पाऊस आणि वर रोहतांग खिंडीत बर्फ, एकाच वेळी, एकाच ढगातून! कसं काय? दर किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली सुमारे 2,050 मीटरवर, रोहतांग 3,978 मीटरवर. म्हणजे फरक झाला जवळपास 12 अंशांचा. खाली तुम्ही भजी खात असता, तेव्हा वर रस्ता पांढरा झालेला असतो.

आणि हो, बर्फ पडायला जमिनीवर शून्य अंशच हवं असं नाही. पारा एक-दोन अंशांवर असला तरी भुरभुर होऊ शकते, कारण खाली येईपर्यंत वितळायला त्या कणांना वेळच मिळत नाही.

दहाचा पाढा

एक सेंटिमीटर पावसाचा बर्फ किती? ढोबळ हिशेबाने दहा सेंटिमीटर! कोरडा, भुसभुशीत असेल तर आणखी जास्त. म्हणून अंदाजातला ‘हलका पाऊस’ वर घाटात पोचेपर्यंत गाडीची चाकं अडवू शकतो. आकडा छोटा, थर मोठा!

भाऊबीजेला देव निघाले गावाला

माहीत आहे का? आपण ओवाळणीच्या ताटात निरांजन लावत असतो, त्याच भाऊबीजेच्या दिवशी 3,583 मीटरवरच्या केदारनाथाची दारं हिवाळ्यासाठी बंद होतात. उत्सवमूर्ती डोलीत बसून उखीमठला मुक्कामी येते. गंगोत्रीची गंगामाई मुखबा गावात, यमुनोत्रीची यमुनामाई खरसालीला. थोडक्यात काय, बर्फाचा फोरकास्ट देवांनाही चुकलेला नाही. विंटर ॲड्रेस प्रत्येकाचा पक्का!

बर्फाळ वाळवंट

लडाख म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र काहीतरी येतं ना? पण लेहला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून पडतं जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत सांताक्रूझला 26 जुलै 2005च्या त्या भयंकर दिवशी, 24 तासांत कोसळले 944 मिलिमीटर. लेहचा नऊ वर्षांचा कोटा एका दिवसात खलास!

गाडीलाही हुडहुडी

थंडीत खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं, तसंच डिझेलचंही होतं. त्यातलं मेण साकळतं आणि इंजिन रुसून बसतं. लडाखमध्ये तर विचारूच नका. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019मध्ये तिथे खास ‘विंटर डिझेल’ आणलं. उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं! माणसांना थर्मल, गाड्यांना स्पेशल.

सफरचंदाच्या पानांचा घात

आता जरा थांबून बघण्यासारखी गोष्ट. सफरचंदाच्या झाडाला थंडी हवीच असते. अनेक जातींना सात अंशांखालचे सुमारे हजार तास मिळाले, तरच वसंतात मोहर नीट फुटतो. मग बर्फ म्हणजे आनंदीआनंद? टायमिंगवर आहे! डिसेंबर-जानेवारीत झाड निष्पर्ण असतं, बर्फ फांद्यांतून घसरून खाली जातो. पण 2019 साली काश्मीरमध्ये 7 नोव्हेंबरलाच धो धो बर्फ पडला. झाडांवर पानं तशीच होती. प्रत्येक पानावर ओला बर्फ साठला, वजन वाढत गेलं आणि फळांनी वाकणाऱ्या फांद्या बुंध्यापासून चिरफाळल्या. फांदी गेली की त्या वर्षाचंच नाही, पुढच्या कितीतरी हंगामांचं पीक जातं. त्याच्या आदल्या वर्षीही नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेच घडलं होतं. आपण ‘वॉव, अर्ली स्नो!’ म्हणत स्टेटस टाकतो, तेव्हा बागवान फांद्या झटकत रात्र काढतो.

समुद्राचं वादळ, डोंगरात बर्फ

हेही गंभीर, पण माहीत असायलाच हवं. 12 ऑक्टोबर 2014 रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. पक्ष्याचं हे नाव ओमानने दिलेलं. दोनच दिवसांत त्याचं उरलंसुरलं बाष्प नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात पोचलं आणि ट्रेकिंगच्या ऐन सीझनमध्ये 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीभोवती प्रचंड बर्फ कोसळला. चाळीसहून अधिक जणांचा जीव गेला. म्हणून हिमालयात जायचं तर बंगालच्या उपसागराची बातमीही वाचायची!

कळसूबाईपेक्षा बुटका, तरी रेकॉर्ड!

चला, मूड बदलू! जगात मोजलेला सर्वांत जाड बर्फाचा थर कुठला? एव्हरेस्ट? चूक! जपानमधला माउंट इबुकी. 14 फेब्रुवारी 1927 रोजी तिथे 11.82 मीटर बर्फ मोजला गेला. म्हणजे तीन मजली इमारत गडप! आणि या डोंगराची उंची? फक्त 1,377 मीटर. आपली कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्यापेक्षा उंच! उंचीला विचारतो कोण? जपानच्या समुद्रावरून ओली वाफ आणि सैबेरियाची गार हवा, दोन्ही घरपोच मिळतात ना त्याला!

महाबळेश्वरचा ‘बर्फ’

दर हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी गवत आणि गाड्यांचे टप पांढरे होतात आणि बातमी येते, ‘मिनी काश्मीर गोठलं!’ फोटो झक्कास, पण तो आकाशातून पडलेला बर्फ नव्हे. रात्री जमीन भराभर थंड होते आणि पृष्ठभागावरचं दव किंवा बाष्प तिथेच गोठतं. ते हिमकण. स्नो नाही, तरी शो आहे!

पुण्यात शिमला, तिकीट पीएमपीचं

माहीत आहे का, पुण्यातल्या शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’ बसस्टॉपला हे नाव का पडलं? हवामान खात्याचं मुख्यालय पूर्वी शिमल्याला होतं. 1928मध्ये ते पुण्याला आलं आणि नावही सोबत घेऊन आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र पुणेकरांनी सोडलं नाही. पुणेकर सोडतात का काही?

आणि याच खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी 1884 साली एक भन्नाट दुवा मांडला होता: हिमालयात बर्फ जास्त, तर पुढचा मान्सून कमजोर. या सूत्राच्या आधारे 1886पासून मान्सूनचे नियमित अंदाज सुरू झाले. म्हणजे शेतकऱ्याच्या पेरणीचा सल्ला डोंगरावरच्या बर्फात शोधला जायचा!

निफाडला फुटला घाम

तिकडे बर्फ, इकडे काय? झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे गार वारे मोकाट सुटतात आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा हेडलाइनमध्ये येतो. कधी मात्र हाच झंझावात ढग, अवकाळी पाऊस आणि गारपिटीचं निमित्त होतो आणि द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. काश्मीरचा सीझन, नाशिकचं टेन्शन!

आता रंग ओळखा!

हवामान खात्याचे चार रंग पाठ करून टाका. ग्रीन: बिनधास्त. यलो: लक्ष ठेवा. ऑरेंज: तयारीत राहा. रेड: पाऊल उचला, म्हणजे आधी सुरक्षित जागा गाठा. 2020पासून 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा रोहतांगच्या खालून जातो, पण बोगद्याबाहेरचा रस्ता बर्फातलाच आहे. त्यावरचा पारदर्शक ‘ब्लॅक आइस’ दिसत नाही, गाडी घसरली की कळतो.

म्हणून ट्रिपला निघताना हॉटेलच्या रेटिंगआधी त्या जिल्ह्याचा रंग बघा. ऑरेंज किंवा रेड असेल, तर ड्रायव्हरदादांना ‘चला हो, काही होत नाही’ म्हणून गळ घालू नका. ते नाही म्हणाले, तर त्यांचंच ऐका.