वजन वाढलं, मग मन का उतरलं?

आमच्या मुक्ताईनगरात ‘उपास आहे’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. ॲनोरेक्झिया त्यामागे सहज लपतो. पण आज बोलायचंय ते बरं होण्याच्या काळाबद्दल. मुलगी जेवायला लागली की घरचे निश्चिंत होतात, आणि तेव्हाच ती जास्त उदास होऊ शकते.

१९४५ मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. उदासी, चिडचिड आली. जेवण वाढवल्यावरही ती लगेच गेली नाही, काहींची तर वाढली. म्हणजे नुसती उपासमारही नैराश्यासारखी दिसते. अर्थात, या तरुणांना वजन वाढायची भीती नव्हती. रुग्णाला ती असते.

बेकच्या प्रश्नावलीत भूक, झोप, थकवा यांनाही गुण आहेत. म्हणून एकदाच मोजून ‘नैराश्य’ लिहू नका. वजन सावरल्यावर पुन्हा मोजा. आत्महत्येच्या विचारांबद्दल मात्र पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर फॉर्म बाजूला ठेवा, तिला एकटं सोडू नका, गाईड आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच फोन करा.