अ.पा.क.: तीन अक्षरे आणि न मागितलेला हिशेब

वऱ्हाडात शेताचा धनी गेला की वारसांचा फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर लहानग्याच्या नावाशेजारी 'अ.पा.क.' ही अक्षरे येतात: अज्ञान पालनकर्ता. शेत मुलाचे, कारभार दुसऱ्याचा. शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झालेल्या अमरावती-अकोल्यात या अक्षरांकडे नुसती महसुली खूण म्हणून पाहता येत नाही. पालनकर्ती बहुधा आई असते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने वडिलांमागे तीच नैसर्गिक पालक. आई नसेल किंवा वाद उभा राहिला, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालय पालक नेमते. या दोन्ही कायद्यांनी पालकाला विक्रीपासून नीट अडवले, पण उत्पन्नाकडे पुरेसे पाहिले नाही. आणि वऱ्हाडात मुलाचे नुकसान होण्याचा धोका उत्पन्नाच्या वाटेनेच अधिक आहे.

विक्रीवरचा पहारा कडक आहे. शेत विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे किंवा ५ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देणे यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. खरी गरज किंवा पाल्याचा उघड फायदा असल्याशिवाय ती मिळत नाही. परवानगी देतानाही न्यायालय लिलावाची अट घालू शकते, आलेली रक्कम न्यायालयात भरायला लावू शकते. परवानगीविना झालेली विक्री सज्ञान झालेला मुलगा ३ वर्षांच्या आत दावा लावून रद्द करवून घेऊ शकतो. हे सारे योग्यच. पण विक्री एखाद्या वेळी होते, पीक दरवर्षी येते. शेत मक्त्याने किंवा बटईने जाते ते वर्षापुरते, म्हणजे त्या ५ वर्षांच्या मर्यादेच्या कितीतरी आत. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बहार झाडावरच व्यापाऱ्याला दिला जातो. या व्यवहारांना परवानगी लागत नाही, आणि लागूही नये. शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जशी सांभाळतो तशी पाल्याची सांभाळा, एवढेच कायदा सांगतो. मात्र ती तशी सांभाळली की नाही हे कळायला हिशेब लागतो, आणि १८९० च्या कायद्यात न्यायालयाने नेमलेला पालकही हिशेब देतो तो 'न्यायालयाने फर्मावल्यास'. ६ महिन्यांत द्यायच्या मालमत्तेच्या यादीलाही तीच अट. नैसर्गिक पालकाला तर असा ठरावीक हिशेब न्यायालयात द्यावाच लागत नाही.

याहून बरी रीत आपल्याच कायद्यांत आहे. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी केलेल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालकाने ६ महिन्यांत यादी आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब द्यायचाच असतो. प्रौढ विकलांगाच्या पालकावर जे बंधन, ते अज्ञान वारसाच्या नियुक्त पालकावर का नसावे?

आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, आधीच खचलेल्या बाईला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावणे हा जुलूम आहे. म्हणून सक्ती नियुक्त पालकापुरती ठेवावी. आईला हिशेब स्वेच्छेने नोंदवण्याची सोय द्यावी. मक्त्याची रक्कम, बाजार समितीची पावती, शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च, एवढे एका पानात मावते. दीर-भाचे उद्या 'पोराचं खाल्लं' म्हणतील, तेव्हा ते पानच तिची ढाल होईल. दुसरा आक्षेप न्यायालयांवरच्या भाराचा. तो खरा आहे, पण प्रत्येक हिशेब तपासायची गरज नाही. तो दाखल असला आणि पाल्याला पुढे पाहता आला, तरी पुष्कळांचा हात आखडेल. एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते: एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा घरच्या सज्ञान माणसाच्या कारभारात असेल, तर त्यासाठी सहसा पालक नेमता येत नाही. तिथे हा उपाय पोचणार नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाली की सातबाऱ्यावरची ती अक्षरे काढून घेता येतात. त्या दिवशी मुलाच्या हाती शेत येते, पण मधल्या वर्षांत त्या शेताने काय दिले हे सांगणारा कागद आज बहुधा त्याच्या हाती येत नाही. शेत वाचवणाऱ्या कायद्याने तो कागदही त्याला मिळवून द्यायला हवा.