कुत्र्याची पकड सोडवताना

पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होतो, ही समजूत खोटी आहे. त्याच्या जबड्याची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते. फरक असतो तो चिवटपणाचा. चावा धरला की तो सहजी सोडत नाही. अशा वेळी कुत्र्याला ओढणे सर्वांत घातक, कारण दात रुतलेले असताना हिसका बसला की मांस फाटते.

यासाठी ‘ब्रेक स्टिक’ वापरतात. ही लाकडाची किंवा टणक प्लास्टिकची पाचर. कुत्र्याला मागून घट्ट धरून ती सुळ्यांच्या मागे, दाढांच्या बाजूने आत सारायची आणि पिळायची, जबडा उघडतो. हे साधन पिटबुलसारख्या पकड धरून ठेवणाऱ्या जातींसाठीच आहे. इतर कुत्री तोंड फिरवून सोडवणाऱ्याच्याच हाताला चावण्याचा धोका मोठा.

खरा उपाय प्रशिक्षणाचा. जर्मनीत रुजलेल्या ‘शुट्झहुंड’ (आताचे नाव आयजीपी) स्पर्धेत कुत्रा तागाच्या आवरणाची बाही चावतो आणि हुकूम मिळताच त्याला ती सोडावी लागते. सोडली नाही तर गुण कापले जातात.

याचा पाया घरीही घालता येतो. ओढाओढीच्या खेळात हात स्थिर ठेवायचा, ‘सोड’ म्हणायचे, तोंड उघडताच खाऊ द्यायचा आणि खेळ पुन्हा सुरू करायचा. सोडले तरी खेळ संपत नाही, हे कुत्रा लवकर शिकतो.

चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.