दिव्याचा डाव आणि आपल्या घरातला पट

शह, मात, वजीर, प्यादे. बुद्धिबळाच्या पटावरचे हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. उर्दू बोलणाऱ्या घरात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. तरीही आम्हा शिक्षकांना एक गोष्ट खटकते. मुलगी आठवी-नववीत गेली की तिच्यापुरता पट आवरला जातो, भाऊ मात्र खेळत राहतो. म्हणूनच नागपूरच्या दिव्या देशमुखचा एक डाव वाचकांपुढे ठेवतो आहोत.

२८ जुलै २०२५. जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. दिव्या १९ वर्षांची, समोरच्या कोनेरू हम्पी ३८ वर्षांच्या. आधीचे दोन मोठे डाव आणि त्या दिवशीचा पहिला जलद डाव बरोबरीत सुटला होता. दुसऱ्या जलद डावात पांढरी मोहरी हम्पींकडे होती.

त्यांनी कॅटलान सुरुवात निवडली. यात वजिरापुढचे आणि त्याच्या शेजारच्या उंटापुढचे प्यादे दोन-दोन घरे पुढे जाते. मग राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकते आणि त्याच्या रिकाम्या घरात उंट येऊन बसतो. तिथून त्याची तिरपी नजर पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. १९२९ साली बार्सिलोनाच्या स्पर्धेत तार्ताकोवर यांनी ही मांडणी खेळली आणि कॅटलोनिया प्रांतावरून तिला नाव मिळाले. यात हल्ला लगेच होत नाही, दाब हळूहळू वाढतो. काळी मोहरी घेणाऱ्याच्या सब्राची परीक्षा असते.

दिव्याने तो दाब सोसला. शेवटी घड्याळातला वेळ कमी उरला, हम्पींच्या हातून चुका झाल्या आणि दिव्या जिंकली. अडीच विरुद्ध दीड गुणांनी विश्वचषक तिचा झाला. त्यासोबत ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टरही ठरली.

हरलेल्या हम्पींकडूनही शिकण्यासारखे आहे. मुलीच्या जन्मानंतर त्या पटाकडे परतल्या आणि २०१९ व २०२४ मध्ये जलद बुद्धिबळाच्या जगज्जेत्या झाल्या.

इनामगावसारख्या गावात बुद्धिबळाचा क्लास नसला तरी पट आणि मोहरी स्वस्तात मिळतात. अभ्यास आणि नमाज सांभाळून मगरिबनंतर अर्धा तास पट मांडा. चाली वहीत लिहायला लावा. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडून कुठे चुकले ते मुलांनाच शोधू द्या. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मुलींचा गट वेगळा असतो. यंदा मुलाचे नाव द्याल तेव्हा त्याच्या बहिणीचेही द्या.