वापरणारा एकटा नसतो

इंटरॅक्शन डिझाइन शिकायला येणाऱ्याला वाटतं, आता पडद्यावरची बटणं, रंग आणि अक्षरं यांचं शास्त्र हाती लागणार. पहिल्या सत्रात हाती येते वही. माणसाला त्याच्या जागी, त्याचं काम चालू असताना भेटा; उत्तर सुचवू नका; ‘हे ॲप आवडेल का?’ असं तर विचारूच नका. ह्यू बेयर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी १९९८च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीतलं नातं नीट मांडलंय. ज्याचं काम तो गुरू, अभ्यासक त्याचा उमेदवार.

मी हे शिकतो ते पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ साली सुरू झालं. मुंबईच्या जे. जे.त आणि मग जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइनशाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीत अग्रभागी होते. इथल्या दोन वर्षांच्या एम.डेस.ला ‘सीड’ ही प्रवेशपरीक्षा देऊन कुणी अभियांत्रिकीतून येतो, कुणी वास्तुकलेतून. प्रकल्पाचा विषय निवडताना मला गाव आठवलं. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीजवळ असलेलं रेडी. बाहेरच्यांना ते द्विभुज गणपतीमुळे आणि लोहखनिजाच्या खाणींमुळे माहीत. मला बघायचे होते तिथले छोट्या होड्यांचे मच्छीमार, आणि त्यांच्यापर्यंत पोचणारा समुद्राचा अंदाज.

हा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था देते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून मोजून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, ते काढलं जातं. सल्ल्यात किनाऱ्यावरच्या ठिकाणापासूनची दिशा, किलोमीटरमधलं अंतर, मीटरमधली खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. वारा आणि लाटांचा अंदाज वेगळा मिळतो. माहिती फुकट आणि मराठीतही. तरी ती होडीपर्यंत कशी जाते, हा माझा प्रश्न होता.

गेलो ते पावसाळी बंदीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि बोलायला सवड असते. शेजारच्या वाडीतले आबा हे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके; त्यांच्या ओटीवर बैठक जमली. ‘आबा, तुम्ही साधारण काय करता?’ असं विचारलं, की माणूस जे करायला हवं ते सांगतो. म्हणून विचारायचं, ‘बंदीआधी शेवटचे गेलात, त्या दिवशी काय काय झालं?’ आबा सुई न थांबवता म्हणाले, “मोबाईलार येता सगळा. नातू वाचता, मी ऐकतंय.”

मग त्या शेवटच्या फेरीआधीच्या संध्याकाळचा क्रम उलगडत गेला. संदेश सुनेच्या फोनवर, व्हॉट्सॲपच्या गटात आला. नातवाने तो वाचला. “किती वावात आसा ता सांग,” असं आबांनी विचारलं. वाव म्हणजे साधारण सहा फुटांचं खोलीचं माप. नातवाकडे मीटर होते, वाव नव्हते. सुनेने बर्फ आणि डिझेलचा हिशेब काढला. आबांनी दुसऱ्या होडीवाल्याला फोन लावायला सांगितलं, मग स्वतः किनाऱ्यावर जाऊन वारा बघितला आणि ठरवलं. या सगळ्यात फोन एकदाही आबांच्या हातात आला नव्हता.

पवईला परतल्यावर प्रत्येक निरीक्षण एकेका पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून भिंतीवर लावलं. इथे नियम असा, की मथळे आधी ठरवायचे नाहीत. ज्या चिठ्ठ्या एकमेकींजवळ जाऊ बघतात त्या जाऊ द्यायच्या. ‘वाचता येत नाही’, ‘आकडे समजत नाहीत’ असे गठ्ठे होतील, असा सगळ्यांचा अंदाज. सर्वांत मोठा गठ्ठा झाला तो ‘कोण कोणाला सांगतं’ याचा. निथ्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये बंगळुरूच्या गरीब वस्त्यांबद्दल हेच लिहिलं होतं: यंत्र एकाच्या हातात, गरज दुसऱ्याची, आणि मधला माणूस हाही वापराचाच भाग.

पुढचं काम कागदावर. फोनच्या आकाराचे पुठ्ठे कापायचे, त्यावर पेन्सिलीने पडदे काढायचे आणि माणसाच्या हातात द्यायचे. कागद स्वस्त असतो, त्यामुळे तो चुकीचा ठरला तर कुणालाच वाईट वाटत नाही. पहिल्या पुठ्ठ्यावर नकाशा होता, उत्तर दिशा वर. आबांनी तो हातात घेतला आणि काही न बोलता फिरवून समुद्र समोर आणला. किनाऱ्यावर उभं राहिलं, की समुद्र समोरच असतो. हे मुलाखतीत त्यांनी कधीच सांगितलं नसतं, हाताने सांगितलं.

शेवटी नकाशा बाजूला पडला. राहिला तो नातवाने मोठ्याने वाचण्याजोगा मजकूर, चार छोट्या वाक्यांचा. आधी वारा आणि लाटा, कारण जायचं की नाही ते प्रथम ठरतं, मग दिशा, मग खोली, वावांत, शेवटी अंतर, कारण डिझेल त्यावर. हाच मजकूर आवाजी संदेश म्हणून पुढे पाठवता यावा, एवढी एक सोय. अक्षांश-रेखांश खाली ठेवले, जीपीएस वापरणाऱ्यांसाठी.

परीक्षणात नेहमीचा प्रश्न आला, ‘तुमचा वापरकर्ता कोण?’ वय, शिक्षण आणि फोटो असलेला एक काल्पनिक माणूस दाखवायची पद्धत आहे. मी घर दाखवलं: वाचणारा, ऐकणारा, हिशेब करणारी. परीक्षकांचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. रेडीची पोरं नोकरीला गोव्यात जातात. नातू गेला की वाचणार कोण? सगळा संदेश आवाजीच करावा, तर हिशेबाचे आकडे परत बघायचे कसे? त्यावर मी दोन पर्याय काढलेत, आणि दोन्हींचे पुठ्ठे आबांच्या ओटीवर जायचे आहेत.