गाडी तापते ती कुणासाठी?

तुमच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी एव्हाना मास्टर्ससाठी कॅनडा नाहीतर अमेरिकेला गेलं असेलच. ऑगस्टमध्ये गेलेली ही मंडळी पहिले तीन महिने कॅम्पसचे फोटो टाकतात आणि डिसेंबर उजाडला की एक ठरलेला व्हिडिओ येतो. खिडकीबाहेर पांढरंशुभ्र पार्किंग, हातात किल्ली. बटण दाबलं की खाली दिवे लुकलुकतात आणि आत कुणीही नसलेली गाडी घुरघुरायला लागते. आपण इकडे पंख्याखाली बसून 'भारी रे!' असा रिप्लाय टाकतो.

या भारी प्रकाराचं नाव रिमोट स्टार्टर. पुढच्या वर्षी तुमचाही तिकडे जायचा बेत असेल, तर याबद्दल थोडं आधीच माहीत असलेलं बरं. आणि जाणार नसाल तरी पान उलटू नका, हे बटण आपल्याकडेही येऊन पोचलंय.

यात जादू काही नाही. किल्लीतून किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमधून सिग्नल जातो. गिअर पार्कमध्ये आहे ना, बॉनेट बंद आहे ना, हे गाडी तपासते आणि मग इंजिन चालू करते. दरवाजे लॉकच राहतात. दहा-पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही, तर बहुतेक गाड्या आपणहून बंद होतात. चोर काच फोडून आत बसलाच, तरी खरी किल्ली नसताना ब्रेक दाबला की इंजिन बंद पडतं.

आता खरा प्रश्न. गाडी तापवायची कशाला? 'इंजिनसाठी', असं बहुतेक जण सांगतील. हा संस्कार आपल्याला घरातूनच मिळालाय. बाबांची चेतक आठवा. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, किक मारायच्या आणि इंजिन स्थिर होईपर्यंत रेस देत उभं राहायचं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते बरोबरच होतं, कारण गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नसे. आता पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर सेन्सरवरून ठरवतो. इंजिन थंड असलं की तो जरा सढळ हातानेच सोडतो. म्हणजे तुम्ही वीस मिनिटं गाडी नुसती उभी ठेवून तापवलीत, तर पेट्रोल फुकट जातंच, शिवाय न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. ज्याचं भलं करायला गेलो, त्याचीच झीज! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचाही सल्ला असा, की साधारण अर्ध्या मिनिटात निघा आणि सुरुवातीला गाडी हळू चालवा. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते.

पण उणे तीसमध्ये? विनिपेग किंवा सास्काटूनच्या जानेवारीत हा आकडा काही नवलाचा नाही. (उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे बारावीत पाठ केलेलं तिथे अंगाला कळतं.) ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. इतकी बॅटरी मेली, की रिमोट दाबूनही काही होत नाही. त्यावरचा तिथला जुना आणि खरा उपाय म्हणजे ब्लॉक हीटर. गाडीच्या नाकाशी लोंबणारी वायर दिसली तर हसू नका. ती पार्किंगमधल्या सॉकेटला जोडायची आणि निघायच्या दोन तास आधी चालू होईल असा टायमर लावायचा. इंजिनला ऊब यातून मिळते.

मग रिमोटचं बटण कुणासाठी? तुमच्यासाठी आणि समोरच्या काचेसाठी. काचेवर बर्फाचा थर असताना नाण्याएवढं भोक खरवडून गाडी हाकणं जिवाशी खेळ आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला दंडही होतो. पाच-सात मिनिटं आतून गरम हवा लागली की बर्फ सुटतो. त्यासाठी रात्रीच उतरताना हवेचं बटण डीफ्रॉस्टवर ठेवा आणि वायपर बंद करा. नाहीतर सकाळी ते गोठलेल्या काचेवर ओढ घेत बसतात. उकळतं पाणी मात्र ओतू नका, काच तडकते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. इंजिन चालू म्हणजे धूर आला आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड आला. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस झोपूनच जातो. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये रिमोटने गाडी सुरू करायचीच नाही. दार उघडं असलं तरी नाही, कारण धूर घरात शिरतो. बटणाने बंद-चालू होणाऱ्या गाड्या इतक्या गुपचूप चालतात, की लोक त्या चालू ठेवूनच घरात जातात. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये मोजलं, तेव्हा २००६ पासून अमेरिकेत अशा दोन डझनांहून जास्त माणसांचा जीव गेला होता.

गाडी उघड्यावर असली तरी एक गोष्ट बघाच: सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचलाय का? जानेवारी २०१६ च्या हिमवादळात न्यू जर्सीतल्या पसेइकमध्ये एक बाप गाडीभोवतीचा बर्फ उपसत होता. बायको-मुलं ऊब मिळावी म्हणून चालू गाडीत बसली होती. सायलेन्सर बर्फात बुजलेला होता. आई आणि तान्हं बाळ गेलं, आणि पुढे काही दिवसांनी लहानगी मुलगीही. रिमोट दाबताना तर तुम्ही तिसऱ्या मजल्यावर असता. म्हणून आधी खाली जा, फावड्याने मागचा बर्फ काढा, मग बटण.

नियमांचीही गंमत आहे. मिशिगनमध्ये २०१७ साली एकाला स्वतःच्या घरासमोर गाडी तापवत ठेवली म्हणून १२८ डॉलरचं चलन मिळालं. ओरड झाली आणि त्याच वर्षी तिथला कायदा बदलला. जर्मनीला जाणाऱ्यांनी मात्र जपून. तिथे इंजिन विनाकारण चालू ठेवणं नियमाविरुद्ध आहे आणि 'तापवत होतो' हे कारण चालत नाही.

आणि आपण? २०१९ मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यूबरोबर 'ब्लूलिंक' आलं, पाठोपाठ इतरांची अ‍ॅप्स आली. आपल्याकडे हे बटण तापवायला कमी आणि एसी लावून गाडी गार करायला जास्त वापरतात. कॅफेत बिल देता देता रस्त्यावरची गाडी सुरू करायची, समोरचे बघतात, मजा येते. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं, की सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर चालकाच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद हवं. तो कायदा १९८८ चा आहे. तेव्हा हे बटण कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, पण शब्द तेच लागू आहेत. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये तर धुराचाच मुद्दा येतो, कारण तिथे वॉचमनकाका बसलेले असतात.

मे महिन्यात भट्टी झालेल्या गाडीसाठी सोपा उपाय आहे. चारही खिडक्या खाली करा, पहिला अर्धा किलोमीटर तसेच जा. कोंडलेली गरम हवा बाहेर पडली, की काचा वर आणि एसी चालू.